परातीखालच्या काचा

दौलतसिंग : दुसरा नको शेटजी, तोच डबा पाह्यजे. काळ्या झाकणाचा. तुमी ज्याच्यावर चुन्यानं फुली मारली होती, तो.

फूलचंद : फुलीचा डबा? दौलतसिंग, फुली म्हणजे टाकून द्यायचा माल. तो दुकानात विकायला नव्हताच. कामरगावच्या तुमच्या तांड्यात तो पोचला कसा?

दौलतसिंग : पायानं चालत नाही गेला बाप्पा. राजमतीअक्कानं देला. मी पोळ्याच्या बाजारी आलतो, तुमी मंदिरात होते. म्या म्हनलं, पोरगी पोळ्याले माहेरी आली हाय, सासरी पोचवाची हाय, बैलायच्या दमणीचा रंग पार उडाला. काही जुना-पुराना माल पडला असंन तं द्या. त्यायनं मांगच्या खोलीतून हा डबा आणून देला.

राजमती : टाकूनच देत होता ना तू, फुला. त्यायच्या कामी आला.

फूलचंद : अक्का, कामी कसला येते? सांजीले लावलेला रंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओला राहते. आपलं नाव खराब होईल. दौलतसिंग, खरं सांगा, काय झालं? बैलाच्या पाठीले लागला का कोणाच्या कपड्याले?

दौलतसिंग : तेच तं सांगाले आलो! सांजीले, गाई घरी येतात त्या टायमाले रंग मारला. मोतीबाई, माही घरवाली, डोक्शाले हात लावून बसली. म्हणे, पोरगी पहाटे नवा घागरा घालून दमणीत बसंन अन् सासरच्या दारात मांगून लाल होऊन उतरंन, वानरासारखी. सारा तांडा हासंन. म्या म्हनलं, आता मारला तं मारला, देव पाहून घेईन. अन् शेटजी, पहाटे पोरगी बसली, चार कोस गेली, उतरली. पिवळा घागरा. एक डाग नाही! मोतीबाईनं घागरा पलटून पलटून पाह्यला. तिले खोडी काढाची होती माही, पण मिळालीच नाही.

फूलचंद : एका रात्रीत वाळला?

दौलतसिंग : बिलकुल.

फूलचंद : त्यात काही मिसळलं होतं? रॉकेल, टर्पेंटाइन, काही?

दौलतसिंग : माह्या घरी रॉकेल दिव्याले पुरत नाही, रंगात कुठून घालू?

राजमती : उन्हानं वाळला असंन.

दौलतसिंग : रातच्याले कायचं ऊन अक्का? आभाळ बी भरून आलतं. नशीब, पाणी नाही आलं. दमणी लिंबाखाली उभी होती, बस.

फूलचंद : अन् उरलेला रंग? साय धरली असेल आता त्यावर.

दौलतसिंग : नाही ना! तीच तं गंमत हाय. डब्याचं झाकण वाकडं झालं, बराबर बसत नाही. दुसऱ्या रंगाले दोन दिसात वरतून चामडं येते, काडीनं फाडून काढा लागते. हा आज पंधरा दिस झाले, दुधावानी पातळ. म्हणून म्हनतो, तांड्यात अजून चार दमण्या रंगवाच्या हायेत, तोच माल द्या. त्यात टाकलं काय होतं एवढं?

फूलचंद : काय टाकलं ते ऐकून कराल काय?

दौलतसिंग : मोतीबाईले सांगीन. तिले वाटते म्या मंतर मारला.

फूलचंद : मंत्र नाही. पाहा, पाणी उडून जाते म्हणून वाळते. जवसाचं तेल तसं वाळत नाही. ते हवा खाते अन् घट्ट होते. त्याले एरवी चार-पाच दिवस लागतात. त्यात कोबाल्ट नावाच्या धातूचा क्षार चिमूटभर टाकला का काम झटपट होते. कोबाल्ट स्वतः खर्चत नाही, फक्त दुसऱ्याचं काम लवकर करून देते. त्याले उत्प्रेरक म्हणतात.

दौलतसिंग : आमच्या तांड्यात बी असा एक हाय. सोता काही करत नाही, दुसऱ्याचं लगन जमवून देते.

फूलचंद : तसंच. पण त्याले डब्यातही धीर नाही. डब्यातल्या हवेनंच काम सुरू करते, म्हणून साय येते. मी म्हटलं, याले डब्यात गप बसवायचं अन् ब्रशनं पसरवल्यावर मोकळं सोडायचं, असं काही जमेल का? म्हणून कोबाल्टले सोबती जोडून पाहिले. सात प्रकारचे. बारके सोबती धरून ठेवत नव्हते. मग कापूर घेतला, आपला आरतीचा कापूर. त्यापासून एक पदार्थ केला. त्याचा रेणू अंगानं मोठा, धिप्पाड. तो कोबाल्टच्या भोवती असा बसते का हवेले जवळ येऊ देत नाही. रंग पातळ पसरला का तो सोबती हळूहळू उडून जातो, अन् कोबाल्ट कामाले लागते.

दौलतसिंग : जवाई सासरवाडीत चार धिप्पाड मेव्हण्यायच्या मंधात गप बसते, अन् घरी आला का त्याचं तोंड सुटते. तसं?

फूलचंद : तसंच म्हणा. निदान मले तसं वाटलं होतं. पण माझ्या काचांवर ते चाललं नाही. चौदा महिने पाहिलं.

दौलतसिंग : काचेवर नाही चाललं, लाकडावर चाललं. आमाले दमण्या रंगवाच्या हायेत, काचा नाही. अन् शेटजी, बाजारात म्हनत होते तुमी मुंबईले चाल्ले होते, आता नाही चाल्ले. बरं झालं. आपला सारा वऱ्हाडच सरकारनं मुंबई राज्यात नेऊन टाकला, आता तिकडं जाऊन अजून कुठं जाता?

फूलचंद : डबा आठ दिवसांनी न्या. ताजा करून ठेवतो.

दौलतसिंग : फुली मारजा त्याच्यावर. नाहीतर मोतीबाई मानाची नाही. रामराम शेटजी. येतो अक्का.

राजमती : या. पोरीले आशीर्वाद सांगजा.

फूलचंद : अक्का, थांब. आत जाऊ नको.

राजमती : चुलीवर डाळ हाय.

फूलचंद : डाळीले काही होत नाही. हे कसं झालं मले सांग.

राजमती : मी काय सांगू? लाकूड तेल पिते, तू म्हणत असते ना. लाकडानं प्यालं असंन.

फूलचंद : जुना रंग होता त्या लाकडावर, ते काय पिणार? अन् पिऊन कोरडं झालं तरी वरचा थर असा घट्ट होत नाही. नाही, हे माझंच औषध चाललं. तेच तेल, तोच कोबाल्ट, तोच कापूर. मी काचेवर सांजीले लावलं, त्यानं दमणीवर सांजीले लावलं. मी सकाळी बोट लावलं तं चिकट. त्याची पोरगी सकाळी बसली तं डाग नाही. मग माझ्या खोलीत असं काय आहे जे त्याच्या लिंबाखाली नाही? किंवा त्याच्या लिंबाखाली असं काय आहे...

राजमती : फुला, तू मास्तराले लिहिलेलं पत्र टाकलं का?

फूलचंद : नाही, गल्ल्यात आहे. तीनच्या मोटरीनं टपाल जाते. काहून?

राजमती : काही नाही. इचारलं.

फूलचंद : त्यात काय लिहिलं ते तुले माहीत आहे. 'कापराचा प्रयोग फसला, जागा दुसऱ्याले द्या.' मले नागपूरले शिकवणाऱ्या मास्तरांनी मुंबईहून लिहिलं होतं, सांजीले लावलं अन् सकाळी बोटाले लागलं नाही, डब्यात महिनाभर साय आली नाही, एवढं दाखव. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा काढून राहिलो, एक खुर्ची तुझी. मी सहा वेळा औषधच नव्यानं करून पाहिलं. सहाही वेळा चिकट. अन् इथं एक तांड्यातला माणूस येऊन म्हणते का झालं.

राजमती : मंग आता नवं पत्र लिहिशीन?

फूलचंद : आधी कळू तं दे. हवा... लिंबाखाली मोकळी हवा. पण माझ्या खोलीलेही खिडकी आहे. मी रोज रात्री खिडकी उघडी ठेवूनच पुढे दुकानात झोपाले जातो. अक्का, तू रात्री खिडकी लावते?

राजमती : खिडकी नाही लावत.

फूलचंद : मग?

राजमती : फुला, तुले राग येईन.

फूलचंद : बोल.

राजमती : मी काचा झाकते.

फूलचंद : काय?

राजमती : काचा. तू झोपाले गेला का झाकते. अन् पहाटे सामायिकाच्या जपाले उठली का काढते. तू यायच्या आधी.

फूलचंद : कशानं झाकते?

राजमती : परातीनं. आपली पितळी मोठी, अन् आईच्या वक्ताची एक हाय ती. दोन्ही उपड्या घालते. सातही काचा मावतात.

फूलचंद : कधीपासून?

राजमती : मांगच्या आषाढापासून.

फूलचंद : आषाढ... अक्का, मी पहिली काच आषाढातच रंगवली.

राजमती : दुसऱ्या दिवशीपासून. पहिल्या दिवशी सकाळी मी पाह्यलं, तवा कापूर नव्हता, नुसत्या ओल्या तेलात पाखरं चिकटली होती. बारकी, हिरवी. एक जीव तं अजून हालत होता, त्याचा एकच पाय मोकळा होता. चातुर्मास लागला होता फुला. आपल्या घरात दिवा लागत नाही पाखरासाठी, पाणी गाळून घेतो आपण, अन् मांगच्या खोलीत तू सात सात काचायचे सापळे मांडून ठेवले. मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुले सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, अक्का, हे शास्त्र हाय. म्हणून मी आपलं झाकलं. पहिले पाणी गाळायचं फडकं टाकलं होतं. ते चिकटलं, तंतू लागले. तू दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मंग परात घेतली.

फूलचंद : तंतू! मी कापसाच्या गिरणीले दोष दिला. वहीत लिहिलं आहे, 'हवेत कापूस उडतो, खोली बदलावी.'

राजमती : माहीत हाय. तू वाचून दाखवलं होतं.

फूलचंद : अन् पाखरं... देवा. अक्का, मी वहीत काय लिहिलं माहीत आहे? 'कापराच्या पदार्थाचा आणखी एक गुण, त्याच्या वासाने कीटक जवळ येत नाहीत.' खाली दोन रेघा मारल्या. मास्तरांनाही कळवलं. साध्या कोबाल्टच्या काचेवरही एक पाखरू नव्हतं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मले जे पाहिजे होतं तेवढंच दिसलं.

राजमती : मले हासू आलं होतं तवा.

फूलचंद : आता नको हसू.

राजमती : आता नाही हासत.

फूलचंद : साध्या कोबाल्टच्या काचाही उशिरा वाळत होत्या. मी म्हणत होतो, जवसच जुनं आहे. अन् कापराच्या काचेवर तं परात म्हणजे... तो सोबती उडून जाणार कुठं? परातीखालीच घुटमळत राहील रात्रभर. कोबाल्टले सोडणारच नाही. बरोबर. सगळं बरोबर बसते. अक्का, तुले हे कळलं नाही, तुझा दोष नाही. पण एकदा, एकदा तरी विचारायचं होतं. नाही. थांब. तू विचारलं होतं. दिवाळीले. मी ओट्यावर काचा पुसत होतो अन् तू विचारलं, 'तेल वाळते म्हणजे त्यातलं काय जाते?' मी सांगितलं, जात काही नाही, उलट हवा आत येते. हवा नाही मिळाली तं तेल वर्षभर ओलं राहील. अन् कापूर उडाला पाहिजे तेही सांगितलं. तू म्हटलं होतं, 'अस्सं.'

राजमती : म्हटलं होतं.

फूलचंद : अन् चातुर्मास कार्तिकातच संपला. मी माघात पुन्हा काचा लावल्या. थंडी होती, खोलीत चिलटही नव्हतं. माघातल्या काचाही सकाळी चिकट होत्या. अक्का, माघात पाखरं कुठं होती?

राजमती : नव्हती.

फूलचंद : मग माघात काहून झाकलं?

राजमती : डाळ लागून राह्यली असंन.

फूलचंद : लागू दे. मी काय विचारून राहिलो?

राजमती : तू जाशीन म्हणून. मांगच्या दिवाळीआधी मास्तराचं पत्र आलं. तू नाचत घरात आला. म्हटलं, एक काच वाळली का मी मुंबईचा. त्या दिवसापर्यंत मी जिवासाठी झाकत होती, देवाची शपथ. त्याच्या मंग मी काहून झाकलं ते देवालेही माहीत हाय अन् मलेही. खोटं कायले बोलू. पाखरं संपली होती, मी तरी परात घातली. पहिल्या रात्री दोनदा परात उचलून ठेवली. मंग सवय झाली.

फूलचंद : रोज सकाळी मी बोट लावत होतो. तू चुलीजवळ बसून असायची.

राजमती : चुलीकडे तोंड करून. तुह्यं तोंड पाह्यवत नव्हतं. पहाटे परात उचलली का कापराचा वास येत असे भसकन. मले समजे, अजून उडाला नाही, इथंच हाय. बरं वाटे फुला. अन् बरं वाटलं म्हणून वाईट वाटे. रोज पडिकमणात, दिवसाचं पाप कबूल करताना, म्हणत होती, उद्यापासून झाकणार नाही.

फूलचंद : चौदा महिने. मी रात्री रात्री अंधारात जागून मनातच हिशेब बदलले, कोबाल्ट कमी कर, कापूर वाढव. मी स्वतःले गाढव समजलो. मास्तरांना लिहिलं, माझ्या हातात गुण नाही. माझ्याबरोबरचे नागपूरचे पोरं कुठल्या कुठं गेले, मी इथं कारंज्यात रंगाचे डबे मोजून राहिलो, अन् माझ्या घरात, माझी सख्खी बहीण...

राजमती : बोल. बोलून घे.

फूलचंद : तुले काय बोलू? तूच मोठं केलं मले.

राजमती : मी सोळाव्या वर्षी पांढरं लुगडं नेसून या घरात परत आली. तू दोन वर्षांचा होता. तीन वर्षांनी आई गेली. तवापासून तुले मीच मोठं केलं, ते मी उपकार म्हणून नाही सांगत, मले बी दुसरं काही काम नव्हतं. तू नागपूरले शिकाले गेला तवा बाबा होते. तरी ते चार वर्षं मी कशी काढली मले माहीत. आपल्या घरी दिवस बुडायच्या आत जेवण होते. भांडे घासून होतात. दिवा लावाचा नाही. मंग झोप येईपर्यंत जो वेळ असते ना, तो लय मोठा असते. तू वापस आला, दुकान धरलं, अन् सांजीच्या उजेडात काचा रंगवाले बसाले लागला. रंगवता रंगवता बोलाचा. कोबाल्ट असा, कापूर तसा, हा सोबती बारका, तो धिप्पाड. मले पहिले काही समजे नाही. मंग समजाले लागलं. मी दिवसभर त्या अर्ध्या तासाची वाट पाहे. तू गेला तं त्या वेळाले मी काय करू? भिंतीशी बोलू?

फूलचंद : तुले एवढं समजत होतं?

राजमती : या गावात कोबाल्ट तुह्याखेरीज मलेच समजते. म्हणून तं बराबर झाकता आलं.

फूलचंद : अन् तरी तू तो डबा दौलतसिंगले दिला. तो उघड्यावर लावणार, हे तुले माहीत होतं. वाळला तं तो येऊन सांगणार, हेही.

राजमती : येऊन सांगंन हे नव्हतं वाटलं. पण वाळंन हे माहीत होतं. नाहीतर कायले देऊ? लेकीले सासरी न्याची दमणी, तिच्यासाठी ओला रंग कसा देऊ मी? तू फुली मारली अन् मांगच्या खोलीत कोपऱ्यात ठेवला. मले तो डबा पाह्यवत नव्हता. म्हटलं, कोणाच्या तरी दारात वाळू दे.

फूलचंद : म्हणजे माझ्या औषधावर सगळ्यात जास्त भरवसा तुझा होता.

राजमती : पहिल्यापासून.

फूलचंद : चल माझ्यासंग. मुंबईले.

राजमती : तिथं नळाचं पाणी. माह्यं व्रत हाय, विहिरीचं, सोता शेंदलेलं अन् सोता गाळलेलं. तीस वर्षं झाली. ते मी सोडणार नाही, अन् तू सोड म्हणू नको.

फूलचंद : विहीर शोधू तिथं. मुंबईतही मंदिरं आहेत, विहिरी असतील.

राजमती : तुले एक खोली मिळंन, ती बी दुसऱ्या कोणासंग. त्यात कुठं बसवशीन मले? अन् तू दिवसभर कारखान्यात. मी तिथं बी भिंतच पाहीन ना. इथली भिंत निदान ओळखीची हाय.

फूलचंद : मग मी नाही जात. पत्र लिहिलेलंच आहे, तसंच टाकतो.

राजमती : नाही.

फूलचंद : काहून नाही? तुले तेच पाहिजे होतं.

राजमती : पाह्यजे होतं. पण खोटं पत्र माह्या समोर पेटीत पडू देणार नाही. फसलं नाही ते, मी फसवलं. अन् तू उपकार म्हणून राह्यला, तं सांजीले माह्याशी बोलशीन का? काचा रंगवशीन का? नुसता बसून राह्यशीन. तसं मले दोघांनी मिळून एकटं राह्याचं नाही.

फूलचंद : मी अजून रागात आहे अक्का. हे समजून घे. आज मले तुझ्याशी नीट बोलता येणार नाही.

राजमती : नको बोलू. पण आज काच लाव.

फूलचंद : पाखरांचं काय? भादवा आहे. उघडी ठेवली तं पुन्हा चिकटतील.

राजमती : चारी बाजूनं दोन-दोन विटा ठेव. त्यावर पाणी गाळायचं फडकं ताणून बांधू, कडा खालपर्यंत सोडू. काचेले लागणार नाही, वर वीतभर राह्यन. हवा येईन, कापूर जाईन, जीव आत येणार नाही.

फूलचंद : हे तुले आज सुचलं?

राजमती : नाही. मांगच्या कार्तिकातच सुचलं होतं.

फूलचंद : ...विटा आण मग. मी तीनच्या मोटरीले काही देत नाही आज. अन् जा, डाळ पाहा. जळली.

राजमती : जळली. आज तशीच खा.

(दुसऱ्या दिवशी उजाडताना, मागच्या खोलीत.)

फूलचंद : फडकं मी सोडतो. तू रात्री इकडं आली होती?

राजमती : एकदा. दारातूनच पाह्यलं. आत पाय ठेवला नाही.

फूलचंद : झोपली नाही?

राजमती : तू तरी कुठं झोपला? दुकानात डबे सरकवत होता, आवाज येत होता मले.

फूलचंद : एक पाखरू नाही आत. फडक्यावर मात्र किती बसली आहेत पाहा.

राजमती : हळू झटक. जिती हायेत.

फूलचंद : आता ही कापराची काच. बोट तू लाव.

राजमती : मी? तुह्या कामाले मी कायले?

फूलचंद : माझ्या बोटावर माझा भरवसा नाही. मले जे पाहिजे तेच दिसते. पाखरांचं पाहिलंच ना तू. तुले जे पाहिजे ते याच्या उलट आहे. म्हणून तूच लाव.

राजमती : अन् मी खोटं सांगतलं तं?

फूलचंद : तू ओली म्हटलं तं मी वहीत ओली लिहीन. पुन्हा काच लावणार नाही अन् पुन्हा विचारणार नाही. मी तोंड तिकडं करतो. चुलीकडे.

राजमती : फुला, असं नको करू.

फूलचंद : लाव अक्का. सूर्य वर आला का दुकान उघडा लागते.

राजमती : कुठं लावू?

फूलचंद : मधात. हलकं लाव, मग जरा दाबून ओढ. मी रोज करतो तसं.

राजमती : मी चौदा महिने चुलीकडे पाहत होती. तू कसं करते ते मले माहीत नाही.

फूलचंद : तू वाळवणाच्या पापडावर बोट फिरवून पाहते तसं.

राजमती : अस्सं.

फूलचंद : लावलं?

राजमती : लावलं.

फूलचंद : मग?

राजमती : थांब. पुन्हा पाहते. दुसऱ्या बोटानं.

फूलचंद : अक्का...

राजमती : कापराचा वास येत नाही फुला. जराही नाही. सारा गेला.

फूलचंद : अन् काच?

राजमती : कोरडी हाय.

फूलचंद : दाबून पाहिलं?

राजमती : दाबून पाह्यलं. नख लावून पाह्यलं. बोटाले काहीच लागत नाही. वळ इकडं, तूच पाह्य.

फूलचंद : नाही. तू पाहिलं ते झालं. वही कुठं आहे?

राजमती : कोनाड्यात. दौत भरून ठेवली हाय.

फूलचंद : भाद्रपद, वद्य तृतीया. सकाळ, पावणेसहा. कापराची काच कोरडी. अजून काय लिहू?

राजमती : बोट कोणाचं ते लिही. मास्तर इचारतीन.

फूलचंद : लिहिलं. राजमतीचं.

राजमती : अन् खाली एक ओळ लिही. रात्री कोणी झाकलं नव्हतं.